शर्यत रविवारच्या आधीच जिंकणारा माणूस

रेसिंग ड्रायव्हर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक ठरावीक प्राणी उभा राहतो. जिवावर उदार, थोडा उर्मट, डोळ्यावर गॉगल, आणि 'आपल्याला मरणाची भीती नाही' असं सांगत फिरणारा. हिंदी सिनेमातल्या हिरोसारखा. मार्क डोनह्यू ह्या चौकटीत कुठेच बसत नाही. त्याचे जुने फोटो बघा. गोलसर गुळगुळीत चेहरा, नीट कापलेले केस, आणि नुकताच वर्गावर जायला निघालेला गणिताचा मास्तर असावा तसे भाव. अमेरिकन पत्रकारांनी त्याला 'कॅप्टन नाइस' असं नाव ठेवलं होतं. म्हणजे आपल्या भाषेत 'गुणी बाळ' :)

ह्या गुणी बाळाने १९६७ ते १९७३ ह्या सात वर्षांत अमेरिकेत चार चाकांवर जे जे जिंकता येतं त्यातलं जवळपास सगळं जिंकून दाखवलं. स्पोर्ट्सकारच्या दोन राष्ट्रीय मालिका, ट्रान्स-अ‍ॅम, कॅन-अ‍ॅम, डेटोनाची २४ तासांची शर्यत, इंडियानापोलिस ५००, आणि वर तोंडी लावायला नॅसकारची एक शर्यत. इतक्या वेगवेगळ्या गाड्या इतक्या वरच्या दर्जाला चालवणारे ड्रायव्हर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. पण मला त्याच्याबद्दल लिहावंसं वाटलं ते ह्या यादीमुळे नाही. तो इंजिनिअर होता, आणि शर्यत ही मुळात इंजिनिअरिंगची समस्या आहे असं तो शेवटपर्यंत मानत राहिला. ह्या विश्वासाने त्याला काय दिलं आणि तो कुठे अपुरा पडला, ही खरी गोष्ट आहे.

आधी एक खुलासा. आपल्याकडे मोटर रेसिंग म्हणजे फॉर्म्युला वन असं समीकरण आहे. स्पोर्ट्सकार रेसिंग ही वेगळी जात. इथे गाडीची चाकं बॉडीच्या आत झाकलेली असतात, निदान नियमापुरत्या तरी दोन सीट असतात, आणि शर्यती कधी दोन तासांच्या तर कधी चक्क चोवीस तासांच्या असतात. 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' सिनेमा पाहिला असेल तर त्यातली ल माँची शर्यत आठवा. १९६६च्या त्याच शर्यतीत फोर्डच्या एका गाडीत डोनह्यूही होता. गाडीचं डिफरन्शियल बाराव्या फेरीच्या आसपास गेलं आणि त्याचा दिवस तिथेच संपला, त्यामुळे सिनेमात तो नाही.

डोनह्यूचा जन्म १९३७चा, न्यू जर्सीतला. ब्राउन युनिव्हर्सिटीतून १९५९ मध्ये त्याने मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. शेवटच्या वर्षात असताना स्वतःची १९५७ची कॉर्व्हेट घेऊन तो एका डोंगर चढणीच्या स्पर्धेत उतरला आणि पहिल्याच फटक्यात जिंकला. १९६१ मध्ये एल्व्हा कुरियर नावाच्या छोट्या ब्रिटिश गाडीत तो हौशी ड्रायव्हरांचा राष्ट्रीय विजेता झाला. वॉल्ट हान्सगेन नावाच्या अनुभवी ड्रायव्हरने त्याच्यातलं पाणी ओळखलं आणि १९६५च्या सेब्रिंग १२ तासांच्या शर्यतीत त्याला आपला जोडीदार म्हणून फेरारीत बसवलं. पुढच्या वर्षी, एप्रिल १९६६ मध्ये, ल माँच्या चाचणीत हान्सगेनला अपघात झाला आणि त्यात तो गेला. त्याच्या अंत्यसंस्काराच्या वेळी रॉजर पेन्स्की डोनह्यूशी बोलला : माझ्यासाठी गाडी चालवशील का?

पेन्स्की हे नाव आज अमेरिकेत रेसिंगमधली एक संस्था आहे. तेव्हा तो रेसिंग सोडून धंद्यात पडलेला एक तरुण माजी ड्रायव्हर होता. एकाला इंजिनिअरिंगचं वेड, दुसऱ्याला टापटीप आणि हिशेबाचं. जोडी जमली. सुरुवात मात्र भयंकर झाली. जून १९६६ मध्ये वॉटकिन्स ग्लेनला पहिल्याच शर्यतीत डोनह्यूने पेन्स्कीची लोला टी७० पार होत्याची नव्हती करून टाकली. दुसऱ्या कोणी त्याला नारळ दिला असता. पेन्स्कीने नवी गाडी दिली. १९६७ मध्ये त्याच जातीच्या लोलात बसून डोनह्यूने अमेरिकन रोड रेसिंग मालिकेतल्या आठपैकी सहा शर्यती मारल्या आणि अजिंक्यपद घेतलं. १९६८ला पुन्हा तेच.

आता हे तो कसं करायचा ते बघू, कारण मजा तिथे आहे.

त्या काळात ड्रायव्हर चाचणीहून परतला की मेकॅनिकला काय सांगायचा? 'गाडी बरोबर वाटत नाहीये.' ज्यांनी कधी 'अ‍ॅप चालत नाही' एवढ्या तीन शब्दांचा बग रिपोर्ट उघडला आहे त्यांना मेकॅनिकचा चेहरा कसा होत असेल हे वेगळं सांगायला नको. डोनह्यू असं बोलायचा नाही. गाडी वळणाच्या आत शिरताना पुढची चाकं वळायला कुरकुर करतात, की मधोमध करतात, की बाहेर पडताना मागचा भाग बाहेर फेकला जातो, हे तो वेगवेगळं सांगायचा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्प्रिंग, किंवा अँटी-रोल बार, किंवा चाकाचा कल, किंवा टायरची हवा. पुन्हा बाहेर जायचं, पुन्हा घड्याळ लावायचं, वहीत लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. हे वाचायला अगदी सोपं वाटतं. पण आपल्यापैकी किती जण डेडलाइनच्या आदल्या रात्री हे पाळतात?

त्याचं आवडतं हत्यार म्हणजे स्किडपॅड. मोकळ्या जागेत ठरावीक त्रिज्येचं एक वर्तुळ आखायचं आणि गाडी घसरायला लागेपर्यंत त्यावर गोल गोल फिरवायची. एका फेरीला किती सेकंद लागले ते कळलं की वेग कळतो, वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागलं की टायर आणि रस्ता यांच्यातली पकड आकड्यात मिळते. बारावीचं फिजिक्स. यात ट्रॅक नाही, प्रेक्षक नाहीत, शौर्य तर अजिबात नाही. पण आज बदललेला भाग कालच्यापेक्षा बरा की वाईट, ह्याचं उत्तर वादाविना मिळतं. ह्याला दुसरी बाजू अशी की दर फेरीला सारखीच गाडी चालवणारा ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हरच हललेला असेल तर मोजमापाला काय अर्थ? डोनह्यू ड्रायव्हर तर होताच, शिवाय त्या प्रयोगातलं सगळ्यात भरवशाचं उपकरणही तोच होता.

हे सगळं करून जे हाती लागायचं त्याला तो 'अनफेअर अ‍ॅडव्हान्टेज' म्हणायचा. पॉल व्हॅन व्हॅल्केनबर्गबरोबर लिहिलेल्या आणि १९७५ मध्ये आलेल्या त्याच्या आत्मचरित्राचं नावही तेच आहे. अर्थ असा, की हिरवा झेंडा पडेल तेव्हा आपल्याकडे असं काहीतरी असावं जे दुसऱ्यांकडे नाही. म्हणजे शर्यत रविवारी असेल, पण जिंकायची ती आधीच्या मंगळवारी-बुधवारी, गॅरेजमध्ये.

ह्या नावात 'अनफेअर' शब्द उगाच आलेला नाही. ट्रान्स-अ‍ॅम ही रोजच्या रस्त्यावरच्या गाड्यांची मालिका. पेन्स्कीच्या निळ्या कॅमारो घेऊन डोनह्यूने १९६८ मध्ये १३पैकी १० शर्यती जिंकल्या, १९६९ला पुन्हा अजिंक्यपद. ह्या गाड्यांच्या कथा भन्नाट आहेत. गाडीची बॉडी अ‍ॅसिडमध्ये बुडवायची, म्हणजे पत्रा पातळ होतो आणि वजन उतरतं. मग छताचा पातळ पत्रा सुरकुततो आणि पितळ उघडं पडतं, तर छतावर व्हिनाइलचं आवरण चढवायचं. पेट्रोल लवकर भरावं म्हणून पिटमध्ये उंच मनोरा उभारून टाकी त्याच्या डोक्यावर ठेवायची. गुरुत्वाकर्षण फुकट असतं. नियमात टाकीच्या उंचीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, नंतर लिहावं लागलं. ब्रेक पॅड पटकन बदलता यावेत म्हणून इंजिनातल्या निर्वाताने ब्रेकचे पिस्टन मागे ओढायची सोय केलेली.

मनोरा आणि ब्रेक ही माझ्या मते शुद्ध हुशारी आहे. नियमावली वाचून तिच्यातली मोकळी जागा शोधणं हा इंजिनिअरचा हक्क आहे. पण १९६८च्या सेब्रिंगमध्ये त्यांच्याकडे दोन कॅमारो होत्या, एक वजनात बसणारी आणि एक जरा जास्तच हलकी. त्यांनी नियमात बसणारी गाडीच नंबर बदलून दोनदा तपासणीला नेली. ह्याला मोकळी जागा शोधणं म्हणत नाहीत, ह्याला सरळ फसवणूक म्हणतात. गंमत म्हणून ही गोष्ट आजही सांगितली जाते, मलाही वाचताना हसू आलं. पण ज्याची सगळी पद्धत मोजमापाच्या खरेपणावर उभी होती त्याने वजनकाट्याला फसवावं, हे मनात टोचतं. आणि ज्या शर्यती त्याने नुसत्या मेहनतीवर जिंकल्या त्यांच्याकडेही मग लोक डोळे बारीक करून बघतात, हा त्याचा खरा तोटा.

असो. ह्यानंतर यश येतच गेलं. १९६९ मध्ये चक पार्सन्सबरोबर लोलात डेटोना २४ तास. त्याच वर्षी इंडियानापोलिसला पहिल्यांदाच उतरून सातवा आणि 'सर्वोत्तम नवोदित'. १९७० मध्ये तिथेच दुसरा. १९७१ मध्ये एएमसीच्या जॅव्हलिनमध्ये, म्हणजे ज्या कंपनीच्या गाड्या कोणी रेसिंगच्या नजरेने बघतही नव्हतं तिच्या गाडीत, ट्रान्स-अ‍ॅमच्या सात शर्यती. आणि २७ मे १९७२ला मॅक्लारेन एम१६ मध्ये इंडियानापोलिस ५००. गॅरी बेटनहाउसेन बराच वेळ पुढे होता, त्याची गाडी बिघडली आणि शेवटच्या १३ फेऱ्या डोनह्यूने आघाडी राखली. पेन्स्कीच्या संघाचा तिथला हा पहिला विजय. ताशी १६२.९६ मैलांची सरासरी १९८४ पर्यंत कोणाला मोडता आली नाही.

पण त्याचं सगळ्यात मोठं काम अजून व्हायचं होतं. कॅन-अ‍ॅम ही अमेरिका आणि कॅनडातली मालिका म्हणजे नियम जवळपास नसलेली स्पर्धा. इंजिन कितीही मोठं लावा. १९६७ ते १९७१ अशी सलग पाच वर्षं मॅक्लारेनच्या संघाने ती जिंकली होती. पोर्शेने ठरवलं की आपल्या ९१७ गाडीच्या बारा सिलिंडरच्या इंजिनाला टर्बो लावून उतरायचं, आणि गाडी तयार करण्याचं काम पेन्स्की आणि डोनह्यूकडे आलं. जर्मनीत वाइसाखला पोर्शेचा चाचणी ट्रॅक आहे. डोनह्यू तिथे जाऊन बसला.

टर्बोचं तत्त्व साधं आहे. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या गरम वायूवर एक पातं फिरवायचं आणि त्याच्या जोरावर इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. अडचण अशी, की पाय दाबल्यावर पातं वेग घेईपर्यंत काहीच होत नाही, आणि मग सगळी ताकद एकदम अंगावर येते. वळणाच्या मध्यावर हे झालं तर गाडी सरळ शेतात. टेस्ट बेंचवर इंजिनाचे आकडे डोळे दिपवणारे होते, कारण बेंचवर ते भरपूर फेऱ्यांवर, पूर्ण उघड्या थ्रॉटलवर मोजलं जायचं. ट्रॅकवर ड्रायव्हरचा पाय मात्र सतत वरखाली होत असतो. डोनह्यूचं म्हणणं एवढंच होतं की मला कमाल ताकद नको, मधल्या पट्ट्यात नीट वागणारं इंजिन द्या. हेल्मुट फ्लेगलसारखे पोर्शेचे इंजिनिअर आणि हा अमेरिकन ड्रायव्हर यांनी इंधन सोडण्याच्या यंत्रणेवर चिकाटीने काम करून इंजिनाला माणसात आणलं. बेंचमार्कला उत्तम आणि प्रत्यक्ष वापरात रडकं असं सॉफ्टवेअर ज्यांच्या गळ्यात पडलंय त्यांना ह्या भांडणात कोण बरोबर होतं हे कळेल.

१९७२च्या जूनमध्ये ९१७/१० पहिल्या शर्यतीला उतरली आणि डोनह्यू दुसरा आला. जुलैमध्ये रोड अटलांटाला चाचणी चालू असताना भर वेगात गाडीच्या मागच्या भागाची बॉडी उडाली. गाडीचा चुराडा झाला, डोनह्यूचा गुडघा गेला. त्याच्या जागी जॉर्ज फॉल्मरला बोलावलं. फॉल्मर ती गाडी जवळपास अनोळखी असताना बसला आणि पाच शर्यती जिंकून अजिंक्य ठरला. आपण कष्टाने उभं केलेलं काम दुसऱ्याने नेऊन बक्षीस घ्यावं, हे डोनह्यूच्या जिव्हारी लागलं होतं. मला मात्र ह्यात त्याच्या पद्धतीचा सगळ्यात भक्कम पुरावा दिसतो. ज्या कामाचं यश केवळ करणाऱ्याच्या अंगच्या जादूवर असतं ते असं दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. हे देता आलं.

१९७३ला तो परत आला ते ९१७/३० घेऊन. ५.४ लिटरचं इंजिन, दोन टर्बो, सुमारे ११०० अश्वशक्ती. तेव्हाच्या फॉर्म्युला वन गाडीच्या दुपटीहून जास्त, आणि आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकच्या बारा-तेरा पट. टर्बोचा दाब कमीजास्त करायची कळ ड्रायव्हरच्या हाताशी. पहिल्या दोन शर्यती दुसऱ्यांनी जिंकल्या, उरलेल्या सहाच्या सहा डोनह्यूने. इतरांना ही गाडी गाठणं शक्यच राहिलं नाही. तेवढ्यात तेलाचं संकट आलं, १९७४साठी इंधनावर मर्यादा आली, आणि त्या वर्षातच ही मालिका बंद पडली. कॅन-अ‍ॅम ९१७/३०ने मारली असं लोक म्हणतात. ते अर्धंच खरं आहे, पण अर्धं तरी खरं आहे.

'गाडी भारी होती म्हणून जिंकला' असं म्हणणाऱ्यांना उत्तर लगेच मिळालं. ऑक्टोबर १९७३ आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये आयरॉक नावाची नवी स्पर्धा झाली. वेगवेगळ्या प्रकारच्या रेसिंगमधले बारा नामांकित ड्रायव्हर आणि सगळ्यांना सारख्याच पोर्शे. चार शर्यतींपैकी तीन डोनह्यूने जिंकल्या. (स्पर्धा सुरू करणाऱ्यांत पेन्स्की होता, त्यामुळे संशय घेणारे इथेही घेतीलच.) आणि मग त्याने निवृत्ती जाहीर केली. वय ३६. गोष्ट इथे संपायला हवी होती.

पेन्स्कीने फॉर्म्युला वनचा संघ काढला आणि डोनह्यूला त्याचं काम बघायला घेतलं. काही महिन्यांतच, १९७४च्या शेवटच्या दोन शर्यतींना, तो स्वतःच गाडीत बसला. का, ह्याची कारणं लोकांनी अनेक दिलीत. मला ह्यात फार गूढ दिसत नाही. जो माणूस हाताने काम करत होता त्याला मॅनेजर केलं की काय होतं हे आपण आपल्या आजूबाजूला बघतोच. १९७५चा हंगाम कठीण गेला. स्वीडनला पाचवा, ब्रिटनला पाचवा, बाकी निराशा. पेन्स्कीची स्वतःची गाडी बाजूला ठेवून मार्चची विकत घेतलेली गाडी चालवावी लागली. अमेरिकेत त्याच्याकडे चाचण्यांना मुबलक वेळ असायचा. युरोपात दर दोन आठवड्यांनी अनोळखी ट्रॅक. त्याची पद्धत चुकीची नव्हती, तिला लागणारे मंगळवार-बुधवार तिथे मिळत नव्हते.

९ ऑगस्ट १९७५ला टॅलडेगाच्या अंडाकृती ट्रॅकवर त्याने जुन्या ९१७/३०मध्ये एक फेरी मारली. ताशी २२१.१२ मैल, म्हणजे सुमारे ३५६ किलोमीटर. बंद ट्रॅकवरचा तो तेव्हाचा जागतिक विक्रम. आठ दिवसांनी, १७ ऑगस्टला, रविवारी सकाळी ऑस्ट्रियन ग्रांप्रीच्या आधीच्या सरावात वेगवान वळणावर त्याचा टायर गेला. गाडी जाळ्या तोडून पलीकडे गेली. ट्रॅकवरच्या एका मार्शलचा मृत्यू झाला. डोनह्यू शुद्धीवर होता, बोलत होता. डोकं मात्र दुखत होतं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. १९ तारखेला ग्रात्सच्या हॉस्पिटलमध्ये तो गेला. ३८ वर्षांचा होता. पुढे न्यायालयात ज्युरीने टायर कंपनीला जबाबदार धरलं.

१९७२चा अपघात आणि १९७५चा अपघात शेजारी ठेवून बघा. दोन्ही वेळा त्याचं चालवणं कारण नव्हतं. एकदा बॉडीचा भाग, एकदा टायर. ज्याने आयुष्यभर एकेक भाग सुटा करून तपासला त्याला अशा भागाने गाठलं, ज्याची शेवटची तपासणी त्याच्या हातात नव्हती. ह्यावरून 'नशिबापुढे कोणाचं काही चालत नाही' असा सूर काढायचा मला मोह होत नाही. तयारीने जोखीम कमी होते, शून्य होत नाही, इतकंच. डोनह्यूला हे ठाऊक असणारच, त्याने हान्सगेनला पुरताना पाहिलं होतं. तरीही मंगळवारी गॅरेजमध्ये जाऊन वही उघडणं त्याने सोडलं नाही.

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, त्याच ऑस्ट्रियन ट्रॅकवर जॉन वॉटसनने पेन्स्कीच्या गाडीत शर्यत जिंकली. पेन्स्कीच्या गाडीचा फॉर्म्युला वनमधला तो एकमेव विजय. आणि २००९ मध्ये डेटोना २४ तासांची शर्यत ज्या पोर्शे इंजिनाच्या गाडीने जिंकली तिची शेवटची पाळी डेव्हिड डोनह्यू चालवत होता. मार्कचा मुलगा. वडिलांनी ती शर्यत जिंकल्याला बरोबर चाळीस वर्षं झाली होती. चोवीस तास गाड्या पळाल्या, आणि पहिल्या-दुसऱ्यात अंतर राहिलं ०.१६७ सेकंदाचं. वडिलांनी वहीत लिहून ठेवावा असा आकडा.